मिनू, पेट्रोलच घेऊ

भांडुप, मुंबई

चि. मिनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या दोन्ही गाड्यांचे फोटो पाहिले. आईनेही पाहिले. तिचं मत फक्त रंगाबद्दल आहे, ते ती तुला फोनवर सांगेलच. माझं उत्तर लांबणार आणि मोबाइलच्या त्या एवढ्याशा अक्षरांवर माझी बोटं चालत नाहीत, म्हणून कागदावर लिहितोय. दादा फोटो काढून पाठवेल. दसऱ्याला गाडी दारात हवी असेल तर बुकिंगचं याच आठवड्यात ठरवायला हवं.

‘बाबा तर डिझेलच म्हणणार’ असं तू दादाला म्हणालीस, ते माझ्या कानावर आलंय. तुझं चुकलं असंही नाही. बत्तीस वर्षं बेस्टच्या बस डेपोत डिझेल इंजिनं खोलली आणि बसवली. हाताचा वास साबणाने जात नाही म्हणून तुझी आजी मला कणकेच्या परातीला हात लावू देत नसे. १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची जुनी डबलडेकर धावली, तेव्हा रिटायर होऊनही मी खास अंधेरीपर्यंत गेलो होतो. लोक फोटो काढत होते. मी इंजिनाचा आवाज ऐकत उभा होतो. अशा माणसाने तुला पेट्रोल घे म्हणावं, हे माझं मलाच विचित्र वाटतंय. पण घे पेट्रोलच.

का, ते सांगतो. पेट्रोल इंजिन हवा-पेट्रोलचं मिश्रण दहा-अकरा पटींनी दाबतं आणि मग प्लगची ठिणगी पडते. डिझेलला ठिणगी लागतच नाही. ते नुसती हवा सोळा-सतरा पटींनी दाबतं, त्या दाबाने हवा इतकी तापते की वरून डिझेलचा फवारा पडला की आपोआप पेटतो. एवढा मार सोसायचा तर इंजिनाचा ब्लॉक जाड हवा, पिस्टनची ढकल फिरवणारा क्रँक दणकट हवा. शिवाय आताच्या कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना मिळून डिझेल पुरवणारी एकच नळी) डिझेल दीड-दोन हजार बार दाबाने सोडतात. तुझ्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून कल्पना कर. म्हणून डिझेल गाडी महाग, तिचे फवारा मारणारे इंजेक्टर महाग, आणि बिघडली की बिलही तसंच.

हा जादा पैसा वसूल होतो तो पळण्यातून. आता तू किती पळणार ते बघू. भांडुप ते विक्रोळी ऑफिस सात किलोमीटर. लोकलने मधे एक कांजूर सोडलं की आलंच. तुझी शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते म्हणून गाडी, नाहीतर मी हे पत्र लिहिलंच नसतं. जाऊन-येऊन चौदा, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे वर्षाला चार हजार. चिपळूणच्या चार फेऱ्या धर, दोन हजार. रविवारचं भटकणं आणखी एक हजार. झाले सात हजार.

पेट्रोल शहरात लिटरला चौदा देईल, डिझेल अठरा. मुंबईत पेट्रोल १०४ धरलं आणि डिझेल ९०, तर वर्षाला पेट्रोलचे ५२,००० आणि डिझेलचे ३५,०००. वाचले १७,०००. वाचून तुला बरं वाटलं असेल. आता शोरूमचं कोटेशन बघ. तेच मॉडेल पेट्रोलमध्ये नऊ लाख वीस, डिझेलमध्ये दहा लाख चाळीस. शिवाय आपल्या महाराष्ट्रात रोड टॅक्स डिझेलला जास्त आहे. पेट्रोलला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, आणि डिझेल दहा लाखांच्या वर गेली की १४. म्हणजे टॅक्समध्येच आणखी चव्वेचाळीस हजार. एकूण फरक एक लाख चौसष्ट हजार, आणि तो भरून निघायला साडेनऊ वर्षांहून जास्त. तोवर तू ही गाडी ठेवशील? तू फोन तरी दोन वर्षं ठेवतेस का?

(थर्ड पार्टी इन्शुरन्स मात्र दोन्हीला सारखाच बसतो. तो इंधनावर नाही, सीसीवर, म्हणजे इंजिनाच्या आकारमानावर असतो. १००० ते १५०० सीसी एकच गट.)

मामाचं उदाहरण देऊ नकोस. तो औषधांच्या ऑर्डरी घेत नाशिक, पुणे, कोल्हापूर करतो, वर्षाला तीस हजार किलोमीटर. त्याचे याच हिशोबाने वर्षाला त्र्याहत्तर हजार वाचतात, सव्वादोन वर्षांत फरक वसूल. शिवाय त्याने पहिली डिझेल घेतली २०१२ मध्ये, तेव्हा पेट्रोल-डिझेलमध्ये लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचं अंतर होतं. डोळे मिटून लोक डिझेल घेत. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या दरावरचा हात काढला आणि ती मजा संपली.

पण पैशाचं एक वेळ सोडून देऊ. ‘बाबा, मला ती आवडते’ म्हणालीस तर मी दीड लाखाकडे काणाडोळा करेन, तुला माहीतच आहे. खरी अडचण वेगळी आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा कडक नियम आला आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत एक काजळी धरणारा फिल्टर बसला. त्याला डीपीएफ म्हणतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकं. काळा धूर तिथेच अडतो. चांगलीच गोष्ट आहे. आमच्या छातीत जे गेलं ते तुमच्या जायला नको. पण ती काजळी तिथे साठते आणि मधूनमधून जाळावी लागते. त्यासाठी फिल्टर सहाशे डिग्रीच्या आसपास तापायला हवा, आणि तो तापतो कधी? गाडी सलग वीसेक मिनिटं साठ-सत्तरच्या वेगाने पळाली तर. रात्री ऑफिसातून घर पंधरा मिनिटांत येतं. जाताना एलबीएस रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पाऊण तास. म्हणजे एकीकडे इंजिन तापत नाही आणि दुसरीकडे वेग मिळत नाही.

आणि काजळी जाळणं मधेच अर्धवट थांबलं की काय होतं, ते शोरूमचा पोरगा सांगणार नाही. फिल्टर तापवायला इंजिन थोडं जादा डिझेल सोडतं. तू मधेच चावी फिरवून घरी गेलीस की त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघितलीस तर ऑइल वाढलेलं दिसेल. ऑइल कमी झालं तर माणूस घाबरतो, वाढलं तर कुणी घाबरत नाही. पण ते पातळ झालेलं असतं आणि बेअरिंगं खातं. आपल्या बी विंगमधल्या शेजाऱ्यांनी मुलांना शाळेत सोडायला मोठी डिझेल घेतली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की बिचारे रात्री जेवून एकटेच ऐरोली पुलावरून फिरून येतात. फिल्टर जाळायला! बायकोला आधी वेगळाच संशय आला होता.

डिझेल म्हणजे औताचा बैल गं. रोज जुंपला तर पंधरा वर्षं तक्रार करत नाही. अंगणात बांधून ठेवला की आजारी पडतो.

तू शिकाऊ आहेस म्हणून डिझेलच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. क्लच सोडायला डिझेल सोपी. खालच्या आरपीएमला ताकद असते, अॅक्सिलरेटर न देताही ट्रॅफिकमध्ये सरकत राहते, चटकन बंद पडत नाही. पेट्रोल आपल्या सोसायटीच्या चढावर तुला दहा वेळा बंद पडून लाज आणेल. हँडब्रेक लावून चढावर गाडी उचलायची सवय कर, आठवड्यात जमेल. उलट टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेली डिझेल अठराशे-दोन हजार आरपीएमला अचानक ढकलते. नवख्या पायाला ते कळत नाही आणि पुढे रिक्षा असते. साधी, बिनटर्बोची पेट्रोल जेवढा पाय देशील तेवढीच पळते. तशीच घेऊ.

पाण्याचं सांगायला हवं, कारण ‘डिझेल पाण्यातून निघते’ हे तुला कुणीतरी सांगितलंय. जुन्या बसला प्लग नाही, कॉइल नाही, म्हणून ती ओली होऊन बंद पडायची नाही, हे खरं. पण २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा, तू चार वर्षांची होतीस आणि मी तीन दिवस घरी आलो नव्हतो. नंतर जी इंजिनं खोलली त्यांतलं ऑइल दूध घातलेल्या चहासारखं झालं होतं आणि कनेक्टिंग रॉड वाकलेले. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हवेच्या वाटेने पाणी आत गेलं की पिस्टन त्यावर आपटतो, मग पेट्रोल असो की डिझेल. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. चावी काढ, उतर, मला फोन कर. आणि पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शन घेऊ. साध्या पॉलिसीत असं बसलेलं इंजिन सहसा धरत नाहीत.

आता तुझी दुसरी गाडी, २०१७ ची डिझेल, दिल्ली पासिंग, ‘एकदम स्वस्त’. स्वस्त का आहे ते विचारलंस का? दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षं आणि पेट्रोलला पंधरा, असा हरित लवादाचा आदेश २०१५ मध्ये आला. मुदत जवळ आली की तिकडच्या गाड्या इतर राज्यांत पडेल भावाने विकायला येऊ लागल्या. आपल्याकडे तसा नियम नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये आपल्या हायकोर्टानेही मुंबईच्या हवेवरून पेट्रोल-डिझेल गाड्या हळूहळू बंद करता येतील का, असं विचारलंय. शिवाय एनओसी आणा, इथला टॅक्स भरा, एमएच नंबर घ्या, आरटीओच्या फेऱ्या मीच मारणार. त्या गाडीला मी हात लावणार नाही.

जुनीच घ्यायची झाली तर पेट्रोलमध्येही जरा बघून. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यामुळे एप्रिल २०२३ नंतर बनलेली, ई-२० ला चालणारी बरी. अॅव्हरेज थोडं कमी मिळेल, ते मी वरच्या चौदात धरलंय. सीएनजी मलाही सुचली होती. पण डिकी टाकीत जाते आणि पंपावरच्या रांगेत तुझा स्वभाव टिकणार नाही. इलेक्ट्रिकचं म्हणशील तर चार्जिंग पॉइंटवर आपल्या सोसायटीच्या तीन मीटिंगा झाल्या आणि तिन्ही चहावर संपल्या.

तुझ्या लायसन्सच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठव. पॅनकार्ड घरात आहे, आईच्या डब्यात. शनिवारी मी आणि दादा शोरूमला जातोय. पेट्रोलची टेस्ट ड्राइव्ह दादा घेईल, त्याला मायलेज, टचस्क्रीन वगैरे बघू दे. डिझेलची मी घेणार आहे. विकत घ्यायला नाही. हायवेवर ऐरोलीच्या सिग्नलपर्यंत एकदा तिसऱ्यात ओढून बघेन आणि परत आणून देईन.

तुझा,
बाबा