दुधाची कपात कोणाच्या फायद्याची?

महोदय,
२०२३ मध्ये सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे किमान ३४ रुपये दर ठरवला. पण तो ३.५ टक्के फॅट (स्निग्धांश) आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) असलेल्या दुधाला. आमच्या गावच्या संकलन केंद्रावर एसएनएफ ८.३ लागला की दर लगेच कापतात, ८.७ लागला तर वाढ नावापुरती. उन्हाळ्यात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी जातीच्या) गाई धापा टाकतात, हिरवा चारा संपतो, मग एसएनएफ लागणार कुठून? महागाची पेंड आम्हीच घ्यायची, कपातही आम्हीच सोसायची! शिवाय दूध तपासायचा मिल्कोमीटरही केंद्राचाच. कमी रीडिंगमध्ये ज्याचा फायदा, त्याच्याच हाती यंत्र का? त्याची त्रयस्थ तपासणी व्हावी, आणि एसएनएफच्या दर पॉइंटमागे (०.१) जेवढी कपात तेवढीच वाढही मिळावी.

– एक दूध उत्पादक, ता. संगमनेर