मॅग्नेशियम व्हील वाल्यांनी हे वाचाच

मंडळी, परत एकदा सांगतोय कारण मागच्या आठवड्यात माझ्याच गाडीचा मागचा व्हील उतरवला तर बॅलन्सिंगचं वजन जिथे चिकटवलेलं होतं तिथे पेंटला बारीक फोड आलेला, नखाने खरवडला तर आतून पांढरी भुकटी (मॅग्नेशियमचा गंज), बोटाला खडूसारखी लागली. वरून व्हील एकदम चकाचक! मॅग्नेशियम अॅल्युमिनियमपेक्षा साधारण एक तृतीयांश हलकं, पण गंजायला फार लवकर तयार, त्यात मीठ-पाणी मिळालं आणि स्टीलचा बोल्ट किंवा हब थेट टेकला की झालंच. म्हणजे खरं संरक्षण फक्त कोटिंगचं, टवका उडाला की लगेच टचअप करा, "नंतर बघू" नको.

अॅसिडवालं व्हील क्लीनर अजिबात नाही, साधा न्यूट्रल शाम्पू, आणि धुतल्यावर आतली बाजूपण कोरडी करा, ती सगळे विसरतात (मी पण). जुन्या लॅम्बोर्गिनी मिउरासारख्या गाड्यांचे कास्ट (साच्यात ओतलेले) व्हील असतील तर पेंट काढून डाय पेनिट्रंटने (भेगेत शिरून ती दाखवणारा रंगीत द्रव) क्रॅक चेक करून घ्या, नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. हवा सारखी उतरत असेल तर टायरलाच दोष देऊ नका, कास्टिंग सच्छिद्र असू शकतं.

आणि घरी ग्राइंडर लावायचा नाही म्हणजे नाही!! उडणारा मॅग्नेशियमचा भुसा पेटतो, वर पाणी टाकलं तर हायड्रोजन होऊन अजून भडकतो, कोरडी वाळू किंवा क्लास डी (धातूच्या आगीसाठीचं) एक्स्टिंग्विशरच लागतं.

बाकी, ज्यांना आपले "मॅग" (मॅग व्हील) नक्की मॅग्नेशियमचेच आहेत का माहीत नाही त्यांनी आधी ते बघा, बरेचसे अॅल्युमिनियमचे निघतात.