पत्र्याच्या खोलीचे ऑफिस करताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंगणात पत्र्याची खोली उभी करायची, आतले काम व्हिडिओ पाहून स्वतःच उरकायचे आणि तिथे ऑफिस थाटायचे, अशी हौस असणारे आता सोलापुरातही भेटतात. हौसेला आमची ना नाही. पण यातले बरेच व्हिडिओ थंड देशांतले असतात आणि त्यातली एक गोष्ट आपल्याकडे नेमकी उलटी पडते.

तिथे भिंतीला आतून झाकणारे बोर्ड ठोकण्याआधी खोलीच्या आतल्या बाजूने प्लास्टिकचा कागद ताणतात. आत ऊब, बाहेर कडाका. आतली वाफ भिंतीत शिरू नये म्हणून. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेर दमट आणि आत एसी. वाफ बाहेरून येते, त्या कागदावर अडते आणि तिथेच तिचे पाणी होते. बोर्डामागे बुरशी धरते, वर रंग मात्र टवटवीत. हा कागद लावूच नये.

आपला मुख्य प्रश्न छताचा. सीलिंग झाकण्याआधी पत्र्यावर अर्धा तास पाइपने पाणी सोडून प्रत्येक स्क्रू खालून पाहावा. उन्हाने वॉशरचे रबर कडक होते आणि गळती तिथूनच सुरू होते. मग पत्र्यावर वरून पांढरा उष्णतारोधक रंग. आतून चकचकीत फॉइल लावायचा, पण पत्र्यापासून किमान एक इंच सोडून. पत्र्याला चिकटवलेला फॉइल म्हणजे पैसे पाण्यात, कारण उष्णता स्पर्शानेच खाली उतरते. सीलिंगवर ५० मिमी ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची गादी, न दाबता. दाबून निम्मी केली की उपयोगही जवळपास निम्मा. हातमोजे आणि मास्क हवेतच. सीलिंग व पत्रा यांमधली गरम हवा निघायला समोरासमोर दोन जाळ्या ठेवाव्यात.

बोर्डाच्या जोडांना भेगा पडल्या की सगळे पुट्टीला दोष देतात. उन्हाळ्यात पहाट ते दुपार पत्र्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर १२ फुटी पत्रा पावणेदोन मिलिमीटर लांबतो. म्हणून बोर्डाचा सांगाडा पत्र्याला नव्हे, खोलीच्या चौकटीच्या लोखंडी सेक्शनला बांधावा. जोडात ३ मिमी फट ठेवून जॉइंट कंपाउंड आणि टेप. भिंत व सीलिंगच्या कोपऱ्यात ॲक्रिलिक सीलंट भरावा. सिलिकॉनवर रंग धरत नाही.

दहा बाय बारा खोली, आठ फूट उंची, एक दार आणि एक खिडकी धरली तर भिंतींना आठ बाय चारचे ८ मिमी सिमेंट फायबर बोर्ड १० लागतात, ११ आणावेत. सीलिंगला सहा बाय चारचे जिप्सम बोर्ड ५ लागतात, ६ घ्यावेत. सांगाड्याचे उभे स्टड (पत्र्याच्या पट्ट्या) दोन-दोन फुटांवर, म्हणजे प्रत्येक जोड स्टडवरच येतो. आधी सीलिंग, मग भिंती. बोर्ड जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवावा, नाहीतर पोछ्याचे पाणी शोषून खालून पोपडे सुटतात.

वायरिंग बोर्डाआधी, पाइपातूनच. स्टडची धार उघडी वायर कापते. दिव्यांना १.५, प्लगला २.५, एसीला ४ चौरस मिमीची वायर. लोखंडी खोलीत सांगाड्याला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) यांत काटकसर नको; ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच घ्यावी. बोर्ड बंद करण्याआधी शेजारी मोजमापाची टेप धरून भिंतींचे फोटो काढावेत, म्हणजे पुढे शेल्फ ठोकताना ड्रिल वायरीत जात नाही.

एसीऐवजी कूलर असेल तर तो खिडकीबाहेर बसवून समोरचे दार किंवा दुसरी खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीतल्या कूलरने जिप्सम बोर्ड झोल खातो.

फरशी सर्वांत शेवटी. कोब्यावर मीटरभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवावे. खाली थेंब दिसले, तर व्हायनल (प्लास्टिकची फरशी) अंथरायची घाई करू नये.

आपले,
फॅब्रिकेशन व इंटिरिअर कामातील दोन वाचक,
जुळे सोलापूर