होल्टरच्या अहवालात आधी वेळ बघा

महोदय,

होल्टर म्हणजे चोवीस तास अंगावर लावून हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र. त्याच्या अहवालात 'पॉज 3.2 सेकंद', म्हणजे तेवढा वेळ ठोका पडला नाही, असं दिसलं की घरात पेसमेकरच्या खर्चाची बेरीज सुरू होते. त्याआधी हा पॉज किती वाजता पडला ते बघा. दिवसा एकही नाही, सगळे पहाटे गाढ झोपेत, आणि नाडी मिनिटा-मिनिटाला मंद-जलद-मंद अशी हेलकावत असेल, तर आधी घशावर, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजारावर (स्लीप ॲप्निया), संशय घ्यावा. पेसमेकरच्या सहीआधी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास नोंदवणारी तपासणी, मागा. मात्र दिवसा भोवळ येऊन पडत असाल, तर या तपासणीसाठी थांबू नका.

झोपेत घसा मिटतो, छाती हवा ओढत राहते, प्राणवायू उतरतो, नाडी मंदावते. मग दचकून श्वास सुटतो आणि नाडी धावते. 10 सेकंदांहून लांब असे अडथळे तासाला 30 च्या वर गेले की आजार तीव्र. या ओढाताणीत हृदयाचा डावा वरचा कप्पा ताणला जातो आणि तिथेच एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचा ताल अनियमित होणं) मूळ धरतं. विजेचा शॉक किंवा ॲब्लेशनने (ताल बिघडवणारा हृदयाचा भाग निकामी करून) ताल जागेवर आणला, पण घोरणं तसंच राहिलं, तर एएफ परतायची भीती जास्त.

यावरचा उपाय म्हणजे सीपॅप मशीन, ते मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा ठेवतं. ते हृदयविकाराचे किंवा पक्षाघाताचे झटके टाळतंच, असा दावा मी करणार नाही. 2016 च्या 'सेव्ह' या सीपॅपवरच्या वैद्यकीय चाचणीत तसं दिसलं नाही. पण तिथे मशीन रात्री सरासरी 3.3 तासच लावलं गेलं होतं!

आपल्याकडे ते कपाटात का जातं? जाड मिशीखालून मास्क गळतो, मग लोक पट्टे आवळतात आणि नाकावर व्रण पडतो. पट्टे झोपून, मशीन चालू ठेवून बसवावेत. तरी गळती असेल तर नाकपुडीत बसणारा मास्क घ्यावा. नागपुरी उन्हाळ्यात मशीन कूलरच्या झोतात ठेवू नका, फिल्टर धूळ धरतो, आठवड्याला बघा. ह्युमिडिफायरमध्ये (मशीनची हवा ओलसर करणाऱ्या टाकीत) बोअरचं पाणी घातलं की पांढरी खपली धरते, तिथे डिस्टिल्ड वॉटरच हवं. डिसेंबरात नळीत पाणी साचून गुडगुड होते. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवावं, नळी पांघरुणात घ्यावी.

आणि मशीन लागलं म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने सोडू नये. ती वय, बीपी, मधुमेह पाहून ठरलेली असते, घोरण्यावर नाही.

– एक होल्टर तंत्रज्ञ, धंतोली, नागपूर