आजोबांच्या डब्यातली नाणी

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा तुम्ही "बघू" म्हणता आणि आई मधेच जेवलीस का विचारते, मग मुद्दा राहतो तो राहतोच, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. आजोबांची नाणी विकायला माझी अजिबात ना नाही. कपाटात पडून तरी त्यांचं काय होणारे. पण तो काटा घेऊन वेंगुर्ल्यात दारोदार फिरणारा माणूस आहे ना, सगळं सरसकट चांदीच्या भावाने उचलतो म्हणणारा, त्याला डबा देऊ नका. आणि युट्यूबवाल्यांच्या नादाला तर त्याहून लागू नका.

युट्यूबचं आधी सांगते. ट्रॅक्टरवाली पाचाची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, लाखोंना जातं म्हणून जे व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर फिरतायत ते सगळं बंडल आहे. वैष्णोदेवीचं नाणं 2012 चं, परवापरवाचं, त्याला कोण लाख देणार? यांची पद्धत ठरलेली असते. तुमच्या नाण्याला गिऱ्हाईक मिळालंय, फक्त रजिस्ट्रेशनचे थोडे भरा, मग टॅक्सचे भरा, मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्र येतं आणि परत भरा. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर सांगितलंय की आमचा असल्या व्यवहाराशी संबंध नाही, आम्ही कसलं कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. बाबा, तुम्ही आयुष्यभर दुकान चालवलंत, माल विकणाऱ्यानेच आधी पैसे मोजायचे असं कधी बघितलंत का?

आता डबा. तुम्ही पाठवलेले फोटो मी लॅपटॉपवर मोठे करून बघितले. बरेचसे राणीछाप आणि राजाछाप, म्हणजे इंग्रजांच्या वेळचे राणी-राजाच्या चित्राचे रुपये आहेत, 11.66 ग्रॅमचे, बरोब्बर एक तोळा, आणि चांदी हजारात 917. असे रुपये घरोघरी जपून ठेवलेले असतात, त्यामुळे साध्या सालांच्या रुपयांना चांदीच्या किमतीच्या जरा वर मिळेल, फार नाही. 1940 पासूनच्या रुपयांत तर चांदी निम्मीच आहे, आणि वाघाचं चित्र असलेला 1947 चा रुपया निकेलचा, लोहचुंबक लावलंत तर चिकटेल. म्हणजे काटेवाला अगदीच खोटं बोलत नाहीये. पण तो साल बघत नाही, किंवा बघतो आणि बोलत नाही, आणि सगळी गोम सालात आहे.

एका फोटोत पंचम जॉर्जच्या रुपयावर 191 दिसतंय आणि शेवटचा आकडा बाबांच्या अंगठ्याखाली गेलाय. 1919 असेल तर ढिगाने मिळतो. पण 1911 असेल तर गोष्ट वेगळी. त्या वर्षी राजाच्या झग्यावर जो हत्ती काढला तो लोकांना डुकरासारखा दिसला, बोंबाबोंब झाली, बरेच रुपये परत वितळवले आणि 1912 पासून चित्र बदललं. तसंच ते "इंडिया पोर्तुगेझा" लिहिलेले, पोर्तुगीजांच्या वेळचे दोन रुपये, 1881 आणि 1882 चे. गोव्याकडची माणसं बाजाराला येऊन आजोबांच्या गल्ल्यात टाकून जायची तेच असणार. ही तीन नाणी वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पाकिटात नको, आपल्या खाऱ्या दमट हवेत त्यावर हिरवा चिकटा धरतो.

आणि आई, हात जोडून सांगते, आमसूल नाही, चिंच नाही, पितांबरी नाही, काहीच लावायचं नाही. तू चकचकीत केलेल्या शिवराया, ती तांब्याची जुनी मराठी नाणी, फोटोत ओळखू येतायत. घासलेलं नाणं लिलावातला माणूस बघताक्षणी ओळखतो आणि भाव पाडतो, त्याला तो काळा थरच हवा असतो. लक्ष्मीपूजनाला ठेवतेस तो कुंकवाने माखलेला राणीछाप मात्र देव्हाऱ्यातच राहू दे, तो विकायचा नाहीये.

विकायचं ते मुंबईतल्या परवाना असलेल्या लिलाववाल्याकडेच. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांवरची नाणी पुरावस्तूत धरतात, देशात विकता येतात पण बाहेर पाठवणं गुन्हा आहे, तेव्हा दुबईवाल्या दादाची ती परदेशी साइटवर टाकायची आयडिया डोक्यातून काढा. लिलाववाले नाणं तपासून अंदाजे किंमत घालतात, याच्या खाली द्यायचं नाही असा आकडा आपण आधी ठरवून घ्यायचा, मग कॅटलॉग निघतो, लोक घरबसल्या ऑनलाइन बोली लावतात, आणि विकलं गेलं तर ते आपलं कमिशन कापून उरलेले देतात. कमिशन किती आणि विकलं नाही तर परत कोणाच्या खर्चाने, हे सही करायच्या आधी कागदावर बघायचं. या सगळ्याला महिने जातात. म्हणून पडवीची कौलं या डब्यावर अडवून ठेवू नका, पावसाआधी वासे बदललेच पाहिजेत, ते पैसे मी आत्ता पाठवते, नंतर काय ते बघू.

राहिलं आत्याचं. बाबा, तुम्हाला हे आवडणार नाही पण आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, मग कायद्याने तिचा वाटा तुमच्याइतकाच. आणि माल आपलाच आहे असं लिलाववाल्यांना लिहून द्यायला लागतं, तिथे मी तिला न विचारता सही करणार नाही. ती पैसे मागेल असं मला वाटत नाही, बहुतेक एखादी शिवराई मागेल, पण विचारलं नाही तर आयुष्यभर काढेल, आणि तिचं चूक आहे असं मला तरी म्हणता येणार नाही. रविवारी संध्याकाळी फोन करा, सकाळी ती भजनाला असते.

मी मे महिन्यात मुलांना घेऊन येतेच आहे, जाताना डबा मीच घेऊन जाईन, कुरियरच्या भानगडीत पडू नका. तोवर फोटो परत काढा, सकाळच्या उजेडात खळ्यात पांढरा पंचा अंथरून, फ्लॅश बंद, दोन्ही बाजू, आणि अंगठा जरा बाजूला.

तुमची,
बाय