महादूची मूठ

दारव्हा, जि. यवतमाळ
12 नोव्हेंबर

प्रिय दिगांबर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मैनामावशीची तब्येत खालावत चाललीय आणि तिच्या मागे तिच्या बौद्धिक दिव्यांग मुलाला, महादूला, तुम्ही दोघं आपल्या घरी आणणार, हे वाचून फार बरं वाटलं. काळजीही वाटली. "मला जमेल का?" एवढंच तू विचारलंस. काय काय लागेल ते सांगतो, मग तूच ठरव.

तू जॉर्ज आणि लेनीचा दाखला दिलास, म्हणून तिथूनच सुरू करतो. अमेरिकी लेखक स्टाइनबेकच्या 1937 सालच्या 'ऑफ माइस अँड मेन' या कादंबरीतले हे दोन मजूर कॅलिफोर्नियात सोलेदादजवळच्या मळ्यावर कामाला येतात. लेनी अंगानं दांडगा, बुद्धीनं मागे. त्याला सांभाळणारी क्लारामावशी वारली आणि तो जॉर्जबरोबर चालू लागला. ना कागद, ना कोणाची परवानगी. लोक या कादंबरीत मैत्री बघतात आणि ती आहेच. पण महादूला सांभाळायचं म्हणून वाचशील तर लेनीच्या मुठीकडे बघ. वीड गावात तो एका पोरीच्या लाल झग्याला हात लावतो, कापड मऊ वाटलं म्हणून. पोरगी किंचाळते, हा घाबरतो, आणि घाबरला की मूठ अजून घट्ट होते. जॉर्ज कुंपणाची फळी डोक्यात घालून ती सोडवतो. पुढे मळ्याच्या मालकाचा पोरगा कर्ली, त्याचा हात लेनीच्या मुठीत चुरडतो, तेव्हाही जॉर्ज तोंडावर चापटा मारून सोडवतो. तिसऱ्या वेळी मुठीत कर्लीच्या बायकोचे केस येतात, जॉर्ज तिथे नसतो, आणि ती जीवानिशी जाते.

मूठ सोडवायची पाळी दोनदा आली आणि दोन्ही वेळा मार हाच उपाय झाला. बोलू नको, कोणाच्या भानगडीत पडू नको, गडबड झाली तर नदीकाठच्या झुडपात लप, असं जॉर्ज त्याला घोकून घेतो. काय करू नको ते शिकवलं, हात कसा सोडायचा ते कधी शिकवलं नाही. जॉर्जच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण प्रेमानं मूठ उघडत नाही रे, सरावानं उघडते.

म्हणून महादूला पहिला शब्द शिकव, "सोड". तो निवांत असताना, जेवण झाल्यावर. भांडण चालू असताना काहीच शिकवता येत नाही. त्याला फारशी प्रिय नसलेली वस्तू घे, कापडाची चिंधी किंवा दोरीचा तुकडा. हातात दे. एकदाच म्हण, "महादू, सोड." मनात पाचपर्यंत मोज. नाही सोडली तर त्याच्या हाताच्या पाठीला बोट लाव. तरी नाही, तर मनगट हळूच तळव्याच्या बाजूला वाकव, बोटं आपोआप सैल पडतात. ओढू नकोस, ओढलं की पकड घट्ट होते. वस्तू सुटली की लगेच शाबासकी दे आणि ती वस्तू त्याला परत दे. परत देणं विसरू नकोस. सोडलं म्हणजे गमावलं नाही, हे त्याच्या हाताला कळलं पाहिजे. एका वेळी दहादा, दिवसातून दोनदा, पाच मिनिटांच्या वर नाही. चिंधीवर जमलं की त्याची आवडती वस्तू, मग बाजूला कोणी मोठ्यानं बोलत असताना, आणि शेवटी बकरीचं पिल्लू. बोटाचा इशारा हळूहळू कमी करत जा, नाहीतर तो इशाऱ्याचीच वाट बघत बसेल.

हे बिघडतं ते बहुतेक दोन कारणांनी. एक, आपण "सोड, सोड, सोड रे" असं दहादा म्हणतो, मग तो दहाव्याच हाकेला सोडायला शिकतो. दुसरं, मावशी "टाक" म्हणते, तू "सोड", वहिनी "दे". घरात एकच शब्द ठरवा.

त्याच्या जोडीला मऊ वस्तूला उलट्या हातानं हात लावायला शिकव. पिल्लाच्या पाठीवरून हाताची पाठ फिरवायची. उलट्या हातानं काही धरताच येत नाही, म्हणून ही साधी सवय मोठी राखण करते. बायामाणसं भेटली की लांबूनच दोन हात जोडून "रामराम". महादू आता तिशीला आला. लहानपणी त्यानं हात धरला तर लोक हसत, आता त्याच गोष्टीसाठी गाव जमा होईल. त्याचा हेतू काय हे तेव्हा कोणी विचारत बसत नाही.

एक सांगून ठेवतो. लेनीवरून महादूला मोजू नकोस. टेक्सासच्या न्यायालयानं 2004 साली एका निकालात असलीच मोजपट्टी लावली होती: लेनीसारख्याला मृत्युदंडातून सूट द्यावी हे बहुतेक लोकांना पटेल, असा तो सूर. 2017 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती पद्धत नाकारली. बौद्धिक दिव्यांगता म्हणजे दांडगं शरीर आणि लहान पोराचं मन, असं ठरलेलं चित्र नाही. ती वेडही नाही. मानसिक आजार वेगळा. गावात दोन्ही एकाच दावणीला बांधतात आणि मग भगत, अंगारे, साखळदंड सुरू होतात. आणि अशी माणसं दुसऱ्याला इजा करण्यापेक्षा दुसऱ्याकडून इजा सोसतात, हेच जास्त घडतं.

कामाचं विचारलंस. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, झालं असेल, वेचणी चालू असेल. कापूस वेचणं त्याला येईल, पण "चल वेच" म्हणून येणार नाही. कामाचे तुकडे पाड: ओटी बांधणं, झाडाजवळ उभं राहणं, पूर्ण फुटलेलं बोंड ओळखणं, तीन बोटांनी सरकी-रुईसकट कापूस ओढणं, चिकटलेलं वाळकं पान काढणं, ओटीत टाकणं. एका वेळी एकच तुकडा नवा, बाकीचे तू कर. सुरुवात शेवटच्या तुकड्यानं कर. तू वेचलेला कापूस त्यानं ओटीत टाकायचा, म्हणजे पहिल्या दिवसापासून काम पुरं केल्याचा आनंद त्याचाच. मग एकेक पायरी मागे ये. दव वाळल्यावरच त्याला ओळीला लाव, खालच्या बोंडापासून वर, म्हणजे कचरा खालच्या कापसावर पडत नाही. कवडी, म्हणजे डागाळलेला, कापूस वेगळा करणं त्याला सुरुवातीला जमणार नाही, त्याच्यामागे तू एक फेरी मार. अर्धवट उघडलेलं बोंड तो तोडेल, कारण "फुटलेलं" हा शब्द त्याच्यासाठी धूसर आहे. दोन्ही बोंडं शेजारी धरून दाखव, शब्दात समजावू नकोस. आणि किलोमागे जी मजुरी बाकीच्यांना, तीच त्याला, त्याच्या हातात. चहा-भाकरीवर राबवून घेणं म्हणजे सांभाळणं नव्हे.

फवारणीचं कुठलंही काम त्याला देऊ नकोस, पंपात पाणी भरायचंसुद्धा नाही. औषधाच्या बाटल्या कुलपात ठेव. उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवायची खोड आपल्याकडे घरोघरी आहे, ती तुझ्या घरात आजच मोड.

दिवसाचा क्रम फार बदलू नकोस. अमेरिकी लेखक फॉकनरच्या 1929 च्या 'द साउंड अँड द फ्युरी' या कादंबरीत बेंजी नावाचा तेहतीस वर्षांचा माणूस आहे, त्याला बोलता येत नाही. शेवटच्या प्रसंगात त्याला सांभाळणारा पोऱ्या गाडी चौकातल्या पुतळ्याच्या नेहमीच्या बाजूनं न नेता डावीकडून घालतो आणि बेंजी असा हंबरडा फोडतो की अख्खा चौक हादरतो. गाडी नेहमीच्या बाजूला वळवल्याबरोबर तो गप्प. लोकांना हा हट्ट वाटतो. ज्याला शब्दांनी उद्याचा अंदाज बांधता येत नाही, त्याला रस्त्याची ती ओळखीची बाजू हाच आधार असतो. बदल करायचाच असेल तर आधी दाखव. बाजाराला जायचं असेल तर सकाळीच पिशवी त्याच्या हातात दे. तुझ्या घरी राहायला आणायचं तर एकदम नको. आधी दुपारचं जेवण, मग एक रात्र, मग दोन. त्याचं अंथरूण, त्याची ताटली त्याच्यासोबत येऊ दे.

तो अचानक चिडू लागला, डोकं आपटू लागला, तर स्वभाव बिघडला असं समजू नकोस. आधी दाढ बघ, कान बघ, पोट साफ होतं का विचार. दुखतं हे त्याला सांगता येत नाही, ते असं बाहेर पडतं. तिथे काही सापडलं नाही तर पंधरा दिवस लिहून ठेव: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. बहुतेक वेळा उत्तर तिसऱ्या रकान्यात असतं. ओरडल्यावर बिस्किट मिळत असेल तर तो ओरडणारच. ते बंद केलंस की काही दिवस ओरडणं वाढेल. तिथेच माणसं हार मानतात आणि बिस्किट देतात, मग आणखी मोठ्यानं ओरडायचं हे तो पक्कं शिकतो. त्यापेक्षा बिस्किट मागायची खूण शिकव आणि खूण केल्याबरोबर दे.

मिरगीच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नकोस, आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंद तर कधीच करू नकोस. झटका आला की कुशीवर वळव, डोक्याखाली मऊ काही दे, घड्याळ बघ. तोंडात चमचा नको, कांदा नको, चप्पल नको. पाच मिनिटांच्या वर चालला तर सरळ दवाखाना. उन्हाळ्यात तो पाणी मागणार नाही, दर तासाला तू दे.

पानठेल्यावरची पोरं त्याला नाचायला लावतात, तंबाखूचा खर्रा खाऊ घालतात असं लिहिलंस. जॉर्जही आधी असाच होता. चारचौघांत गंमत म्हणून त्यानं लेनीला सॅक्रामेंटो नदीत उडी मारायला सांगितली. पोहता येत नसताना लेनीनं मारली. बाहेर काढल्यावर तो जॉर्जचे आभार मानत राहिला आणि उडी मारायला त्यानंच सांगितलं होतं हे पार विसरला. त्या दिवसानंतर जॉर्जनं खोड्या सोडल्या. तू त्या पोरांवर ओरडलास तर तुझ्या पाठीमागे दुप्पट होईल. त्यांच्यातला एक पुढारी पोरगा निवड आणि त्याला काम दे: रोज संध्याकाळी महादूला पानठेल्यापासून घरापर्यंत आणून सोडायचं. ज्याच्यावर जबाबदारी पडते, तो दुसऱ्यालाही हसू देत नाही.

कारण तू एकटा पुरणार नाहीस. जॉर्ज एका शनिवारी रात्री गावात गेला, तर लेनीवर नजर ठेवणारं कोणी नव्हतं. निदान चार माणसं हवीत, ज्यांना "सोड" हा शब्द, गोळ्यांची वेळ आणि झटक्याचं माहीत आहे. आपल्या वऱ्हाडाला हे परकं नाही. म्हाइंभटांनी लिहिलेल्या चरित्रात ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू कोणाच्याही घरात शिरतात, मनाला येईल ते खातात, पोरांत खेळतात, आणि गाव त्यांना "राउळ माय, राउळ बाप" म्हणतं. महानुभाव पंथाचे ते ईश्वरावतार, महादूशी त्यांची तुलना मी करत नाही. मी त्या गावाकडे बोट दाखवतोय. जगावेगळं वागणाऱ्याला दार उघडं ठेवण्याची रीत आपल्याच मातीत आठशे वर्षं जुनी आहे. आणि वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, 2024 चे पद्मश्री, किती वर्षं एकच गोष्ट मागतायत: अठरा वर्षं झाली म्हणून बेवारस दिव्यांग मुलांना बालगृहातून बाहेर काढू नका, त्यांना जन्मभर आसरा द्या.

आता कागद. यातला एक मावशी असेपर्यंतच व्हायला हवा. अठरा वर्षांनंतर आईसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. अर्ज आईबापांनी किंवा नातेवाइकांनी करायचा, पण पालक म्हणून ते कोणाचंही नाव सुचवू शकतात. तू नात्यातला नाहीस. आज मावशीनं तुझं नाव दिलं तर रस्ता सरळ आहे, उद्या त्याच्या काकांच्या दारात उभं राहावं लागेल. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दर वर्षी मार्चनंतर तीन महिन्यांत हिशेब. वेगळं खातं, वेगळी वही, पहिल्या दिवसापासून.

मावशीच्या नावचं दीड एकर आहे ना? बौद्धिक दिव्यांग म्हणून वारसा जात नाही, हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 28 तसं स्पष्ट म्हणतं. काकांनी हक्कसोडपत्रावर त्याचा अंगठा घेतला नाही ना, ते आधी बघ. सातबारा आणि फेरफार काढून आण.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज कर, तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. मध्यम बौद्धिक दिव्यांगतेला 75 टक्के लिहून मिळतात, सवलतींना 40 लागतात. त्यावर एसटीत त्याला 75 टक्के आणि सोबत्याला निम्मी सूट, निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा, तहसीलमधून संजय गांधी योजनेचं अनुदान. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. ग्रामसभेत त्याला सोबत घेऊन जा आणि तिथे विचार.

या सगळ्याच्या आधी शंभर पानी वही घे आणि मावशीजवळ बस. तो कोणत्या शब्दाला काय म्हणतो, कशाला भितो, पोट दुखलं तर कसा बसतो, झोप येत नसली तर ती काय करते, गोळ्यांची नावं आणि वेळा, गावात कोणाकडे तो आपणहून जातो. तीसेक वर्षांचं ज्ञान आहे ते, आणि एकाच माणसाजवळ आहे. ती थकली की थांब, दुसऱ्या दिवशी पुन्हा बस. वेचणीला दोन दिवस बाई लाव, पण हे उद्यापासूनच सुरू कर.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. महादूला माझा रामराम सांग, दोन हात जोडून.

तुझा,
वसंता