सुईने तपासण्याआधी चुलीच्या धुराचीही चौकशी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या ६८ वर्षांच्या आईच्या उजव्या फुप्फुसात १४ मिलिमीटरची गाठ आढळल्याने गेल्या हिवाळ्यात सीटी स्कॅनवर पाहत, सुई घालून तिची बायोप्सी झाली. त्याआधी भरून घेतलेल्या अर्जात ‘धूम्रपान करता का?’ एवढेच विचारले होते आणि त्यापुढे ‘नाही’ लिहिले गेले. उत्तर खरे होते. पण तुराट्या आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे फुंकणी घेऊन तिने चाळीस वर्षे काढली, हे विचारायला अर्जात जागाच नव्हती.

चुलीच्या धुरानेही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार, होतो. त्यात वायुकोशांच्या भिंती मोडून फुप्फुस पोकळ झाले असेल, तर सुईचे छिद्र लवकर मिटत नाही, हवा छातीच्या पोकळीत झिरपते आणि फुप्फुस आक्रसते. ही गुंतागुंत या तपासणीत साधारण पाच-सहा रुग्णांमागे एकाला होते. बहुतेकांची आपोआप बरी होते, काहींना मात्र छातीत नळी घालावी लागते. गाठ दोन सेंटिमीटरहून लहान असली, खोलवर असली किंवा फुप्फुसाचे आवरण एकाहून अधिक वेळा टोचावे लागले, तर धोका वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्रावाची भीती असते, पण हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता त्या बंद करणेही तितकेच घातक आहे.

आईला एक्स-रे न काढताच तासाभरात घरी पाठवले. एसटीत तिला खोकल्याची उबळ आली, बरगडीखाली कळ उठली आणि घरी पोचेपर्यंत एक वाक्य दोन दमांत बोलावे लागू लागले. रात्री घातलेली नळी तीन दिवसांनी निघाली. तपासणी करायलाच नको होती, असे मी म्हणणार नाही. गाठ कर्करोगाची नसून क्षयाची आहे, हे तिच्यामुळेच कळले आणि औषधोपचार सुरू झाले.

माझी विनंती इतकीच, की रुग्णाला, विशेषतः खेड्यातल्या बाईला, स्वयंपाक कशावर केला हे विचारावे, सीटीमध्ये फुप्फुसाची झीज दिसते का हे तिला मराठीत सांगावे, आणि तपासणीनंतर काही तास टोचलेल्या कुशीवर निजवून, एक्स-रे पाहूनच घरी सोडावे. जाताना हातात मराठीत चिठ्ठी द्यावी: दम लागला, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर सकाळची वाट न पाहता परत यावे, आणि रात्री कोणाला फोन करावा.

आपली,
एक वाचक, सातारा जिल्हा